आवाजाचा आडोसा

अकोल्याच्या त्या स्पर्धेचा फॉर्म ऑनलाइन होता, आणि एक रकाना भरल्याशिवाय त्याचं पुढचं पान उघडत नव्हतं. संगीतप्रकार. खाली यादी यायची : शास्त्रीय, सुगम, भक्तिसंगीत, लोकसंगीत, फिल्मी, इतर. ‘इतर’ निवडलं की आणखी एक चौकट उघडायची, ‘दोन ओळींत वर्णन करा’. या दोन ओळींवर आम्ही तिघं तीन रविवार भांडलो.

तिघं म्हणजे मी, बेसवाला आणि ड्रमवाला. मी अमरावतीत एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करायची आणि रविवारी गिटार गळ्यात अडकवून ओरडायची. गायची असं म्हटलं तर माझी आईसुद्धा हसेल. बेसवाला कॉलेजात शिकवायचा, आणि पंक रॉकबद्दल त्याला इतकं माहीत होतं की त्याच्याशी तो विषय काढायची भीती वाटायची. ड्रमवाला लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. पंक म्हणजे काय हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं आणि आमच्यात वाजवता फक्त त्यालाच येत होतं.

सरावाची जागा म्हणजे बडनेऱ्याच्या बाजूला, कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनिंगचं पत्र्याचं शेड. चावी ड्रमवाल्याच्या मामाकडे असायची. रविवारी बारा ते तीन, कारण त्या वेळी तिकडे चिटपाखरू फिरकत नाही. आमच्याकडे भर दुपारी बाराची वेळ चांगली मानत नाहीत. पोरीबाळींनी तेव्हा केस मोकळे सोडून फिरू नये म्हणतात. मी असलं काही मानत नाही. पण उन्हानं पत्रा तापला की वर कुणीतरी पावलं टाकत गेल्यासारखा वाजत जायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि आम्ही तिघंही बोलता बोलता थांबायचो. तुळयांवर जुनी रुई अडकलेली होती. पहिला ठोका पडला की ती सावकाश खाली यायची आणि आमच्या घामाला चिकटायची.

बेसवाल्याची पहिली व्याख्या वेगाची होती. तीन कॉर्ड, दोन मिनिटं, जीव तोडून फास्ट.

‘मंग आमी संदलमधी वाजवतो ते काय आहे?’ ड्रमवाला म्हणाला. ‘उरुसाच्या मिरवणुकीत येऊन पाह्य एकदा. त्याच्या निम्मं फास्ट तुयं गानं नाई.’

मग राग आला. म्हणजे व्याख्येत. सरकारवर, समाजावर राग पाहिजे, असं बेसवाल्याचं म्हणणं. मी म्हटलं, मग आपल्या चौकातल्या पानठेल्यावरचा प्रत्येक माणूस पंक आहे. मग तो म्हणाला, वाजवता न येणं हीच खरी खूण; शिकून सवरून केलं की संपलं. यावर ड्रमवाल्यानं माझ्याकडे पाहून हात जोडले. ‘मंग तू तर भल्ली पंक आहे बाई.’ कपड्यांचा मुद्दाही निघाला. बेसवाल्याकडे एक काळं लेदरचं जॅकेट होतं, ते त्यानं गेल्या एप्रिलात घातलं होतं, आणि त्या संध्याकाळी त्याला सलाइन लावावं लागलं होतं. मीच लावलं होतं. शेवटी तो अगदी हळू आवाजात म्हणाला, की ज्याची व्याख्या करता येते ते पंक नाही.

‘मंग फॉर्म कायले भरून राहिलो बे आपन?’ ड्रमवाल्यानं विचारलं. बेसवाल्यानं फोन खिशात टाकला.

त्यानंतरच्या रविवारी त्या दोघी आल्या. गाणं संपलं आणि मी दाराकडे पाहिलं, तर बाहेरच्या पांढऱ्या फटफटीत उन्हात दोन काळ्या आकृत्या उभ्या होत्या. तोंडं दिसत नव्हती. एक बोलली, दुसरी नाही.

‘अथी डहाका चालू हाय ना?’

डहाका म्हणजे डाक नावाचं चामड्याचं वाद्य वाजवून रात्र रात्र देवाची गाणी म्हणायची. कुणाच्या अंगात आलं की त्याच्या तोंडून जे निघेल ते ऐकायचं. गावाकडे अजूनही होतो. विचारणारी बाई भातकुलीकडची होती, काखेत भाजीची रिकामी पाटी. रस्त्याच्या कडेला भाजी विकता विकता दोन रविवार तिनं पत्र्याआडून आम्हाला ऐकलं होतं. बेसवाला लगबगीनं पुढे झाला. ‘नाही मावशी, हे डहाका नाही, याला म्हणतात...’ आणि तिथेच तो अडकला. पुढचं वाक्य तीन आठवडे आमच्याकडे नव्हतंच. बाईनं त्याच्या अडखळण्याचा तिला हवा तो अर्थ घेतला. देवाच्या कामाचं नाव परक्यापुढे घेत नसतात, असं वाटलं असावं तिला.

‘हे माही पोरगी,’ ती म्हणाली. ‘दिवाळीपासून बोलत नाई. डाक्टर झाले, दर्गा झाला. गयात काईच नाई म्हनतात. सासर अकोल्याचं. त्यायनं आनून सोडली. म्हनतात, बोलाले लागली की फोन करा, घ्यायले येतो. आखाजीपर्यंत नाई बोलली तर दुसरी पाहतो. बाई, तुमी लोकं येवढं वरडता, तिच्यातलं बाहेरचं बी निंगून जाईन.’

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, महिन्यावर आली होती. मुलगी पंचविशीतली असेल. पदर नाकापर्यंत घेतलेला, वर फक्त डोळे. ते माझ्याकडे नव्हते. माझ्या मागच्या स्पीकरकडे होते.

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, की मावशी, तुमची चूक होते आहे, आम्ही कुणातलं काही काढत नाही. मी खोटं बोलले नाही, फक्त खरं सांगितलं नाही. कारण साधं आहे आणि लाजिरवाणं आहे. तोवर आमचं गाणं ऐकायला कुणी म्हणजे कुणीच आलं नव्हतं.

मुलगी स्वतःहून जाऊन स्पीकरला लागून बसली, तोंड पत्र्याकडे करून. त्या डब्याजवळ आम्हालासुद्धा दोन मिनिटं उभं राहवत नसे, दात वाजायचे. ती तीन तास तिथून हलली नाही. आई दाराशी बसून राहिली, गाणं थांबलं की आशेनं मान वर करायची, आणि पुन्हा खाली घालायची. जाताना तिनं ड्रमच्या पाया पडून घेतलं आणि आमच्यासाठी चार वांगी ठेवली.

असे तीन रविवार गेले. आता आठवलं तरी मला त्या शेडात बरं वाटत नाही. तिची पाठ दिसायची आणि ती पाठ श्वासानंसुद्धा हलत नाही असं वाटायचं. रुई तिच्या डोक्यावर, खांद्यावर पडत राहायची आणि ती झटकायची नाही. गाण्याच्या मध्येच मला वाटायचं की आम्ही चौघं गातोय. मी ओरडायचं थांबवून श्वास घेतला की त्या फटीत काहीतरी असायचं, आणि मी कान देईपर्यंत नसायचं.

फॉर्मला नमुन्याचं रेकॉर्डिंग जोडायचं होतं म्हणून तिसऱ्या रविवारी मी फोन स्पीकरवर ठेवून दिला. सोमवारी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत इयरफोन लावून ते ऐकायला बसले. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर माझा घास हातातच राहिला. माझ्या ओरडण्याच्या खाली एका बाईचा आवाज होता. शांत. गाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आम्ही चढलो की तो चढायचा, आम्ही उतरलो की उतरायचा, आणि थांबलो की मुळीच नसायचा. चार वेळा मागे घेऊन ऐकलं तेव्हा शब्द कळले.

‘दार नका लावू. मी अंदर आहो. दार नका लावू. मी अंदर आहो.’

रक्ताच्या नळ्या फिरवायचं मशीन बाजूला घुमत होतं. ते मी उठून बंद केलं. 

ड्रमवाल्याला ऐकवलं तर त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा शिवला नाही. ‘म्या सांगतलं होतं. त्या शेडात बाई आहे. जिनिंग चालू होतं तवाची.’ बेसवाला म्हणाला, शेजारच्या मोबाइल टॉवरचं काहीतरी पकडलं असेल. त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास दिसत नव्हता. मला मात्र माहीत होतं. मला स्पीकरला टेकलेली ती पाठ दिसत होती.

पुढच्या रविवारी मी एक केलं. गाण्याच्या ऐन मध्यावर, कुणाला न सांगता, तिच्या बाजूला सरकत गेले. पदराच्या आत ओठ हलत होते. भराभर, न थांबता. मी हात उचलून दोघांना झटक्यात थांबवलं. ओठ त्याच क्षणी मिटले. पुन्हा सुरू केलं, ओठ सुरू. पुन्हा थांबवलं. आता ती माझ्याकडे पाहत होती. पहिल्यांदाच. तिनं मान हलवली, नाही अशी, इतकी थोडी की दाराशी बसलेल्या आईला दिसू नये.

मला कळलं होतं. आज मी कुणालाही असं सांगत नाही की तेव्हा कळलं नव्हतं. तिला बोलता येत होतं आणि बोलायचं नव्हतं, कारण बोललं की अकोला. आमचा गोंगाट ही तिची एकुलती एक जागा होती, जिथं बोललं तरी कुणाला ऐकू जाणार नाही. बाहेरचं-बिहेरचं काही नव्हतं. जे होतं ते घरचंच होतं.

पण बेसवाल्यालाही दिसलं होतं, आणि तो नाचायचाच बाकी होता. ‘हीच! हीच दोन ओळींची व्याख्या! जे बोलत नाहीत त्यांना बोलतं करतं ते पंक!’ त्यानं तिथेच फोन काढून चौकट भरली, फॉर्म पाठवला. आणि मला, काय सांगू, मला अभिमान वाटला. दहावीला गाण्याच्या स्पर्धेत मला स्टेजवरून उतरवलं होतं, आणि आता माझ्या आवाजानं मुकी बाई बोलत होती. आई दाराशी होती, डोळे पुसत. ‘आखाजी आठ दिवसांवर आली वं माय,’ म्हणत होती. मी माझा फोन तिच्या कानाला लावला.

ती आधी घाबरली. मग आवाज ओळखला आणि फोनचे मुके घ्यायला लागली. शब्द तिनं ऐकले नाहीत, फक्त आवाज ऐकला. ‘पाठवून द्या, माह्या मोबाइलवर पाठवून द्या, त्यायले आयकवतो.’ मी पाठवून दिलं. तेवढ्या वेळात मी एकदाही स्पीकरकडे पाहिलं नाही.

बुधवारी अकोल्याहून गाडी आली आणि तिला घेऊन गेली. मावशी पेढे घेऊन लॅबमध्ये आली होती. ‘बोलते आता,’ म्हणाली. ‘इचारलं तेवढं बोलते.’ पेढा मी तसाच खोक्यात परत ठेवला. मी विचारलं, तिकडचा पत्ता काय? स्पर्धा अकोल्यालाच आहे, जमलं तर भेटून येईन.

स्पर्धेचं सांगण्यासारखं फार नाही. आम्हाला एक लावणी आणि एक देशभक्तीपर समूहगीत यांच्यामध्ये टाकलं होतं. मधल्या परीक्षकांनी आमच्या दोन ओळी माइकवर वाचून दाखवल्या, ‘जे बोलत नाहीत त्यांना बोलतं करणारं संगीत’, आणि सभागृहात टाळ्या पडल्या. मी तोंड उघडलं. समोर अंधारात माणसं बसली होती, आणि माझ्या आवाजाच्या खाली, अगदी खाली, मला ऐकू येत होतं : दार नका लावू. स्पीकरजवळ कुणीही नव्हतं. मी दुसरं कडवं विसरले, मग पहिलं विसरले. बेसवाला अजून सांगतो की लोकांना तो गाण्याचाच भाग वाटला.

गिटार ड्रमवाल्याकडे देऊन मी तशीच रिक्षानं जुन्या शहरात गेले. दुपारचे दोन. गल्ली झोपलेली, दारं ओढून घेतलेली. घर चांगलं होतं, रंग दिलेलं, ओट्यावर तुळस. सासू बसलेली, गोरीपान, हसऱ्या तोंडाची. ‘या बाई, या. तुमच्यामुळंच आमची सून बोलाले लागली म्हनतात.’ तिनं आत हाक मारली आणि मुलगी बाहेर आली. पदर आता खांद्यावर होता. तिचं पूर्ण तोंड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

‘कशी आहेस?’

‘बरी आहो.’

‘जेवलीस?’

‘जेवली.’

विचारलं तेवढं. सासू कौतुकानं माझ्याकडे पाहत होती. मला त्या स्वच्छ, थंड खोलीत बसवेना. हाच आवाज, शब्दही खणखणीत, पण तो बोलणाऱ्या माणसाकडून येत नव्हता, असं काहीसं वाटत होतं. शेडमधल्या त्या पाठीची मला इतकी भीती वाटली नव्हती.

‘चहा टाकते,’ म्हणून ती आत गेली. पाणी पिण्याचं निमित्त काढून मी मागे गेले. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. दाराला कडी होती, आणि ती बाहेरच्या बाजूनं होती. कडीभोवतीचा रंग घासून घासून गेलेला.

मला पाहताच तिनं मिक्सर सुरू केला. लहानसं भांडं, पण जुना मिक्सर, घर दणाणलं. तिनं ओट्याकडेच तोंड ठेवलं आणि बोलली. तेच भराभर, पदराआडचं बोलणं, फक्त या वेळी पदर नव्हता.

‘ताई, तुमी गेल्या की दार लागते. ते बाहेरगावी गेले की दोन दोन दिवस लागते. आज जाऊ नका.’

बाहेरून सासूचा आवाज आला, ‘काय वाटून राहिली वं?’

‘लसनाची चटनी,’ तिनं मोठ्यानं, गोड आवाजात सांगितलं.

मी भांड्यात पाहिलं. भांडं रिकामं होतं. नुसती पाती फिरत होती, आणि जळका वास यायला लागला होता.

स्टेजवर माइकला तोंड लावून किंचाळणारी मी, माझी तिथं वाचा बसली. ओळख नाही, पाळख नाही, दुसऱ्याचं घर, दुसऱ्याची सून. पोलीस म्हणतील काय, मावशी म्हणेल काय, माझ्याच घरचे म्हणतील काय. एवढं सगळं त्या आवाजात उभ्या उभ्या माझ्या डोक्यातून गेलं. मग मी हात पुढे करून मिक्सर बंद केला.

इतकी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही.

‘काकू,’ मी म्हणाले, ‘मी हिले घेऊन चालली.’ आवाज इतका बारीक निघाला की माझ्याखेरीज कुणाला ऐकू गेला नसावा. म्हणून बाहेर येऊन पुन्हा म्हटलं.

सासूचं हसू जागच्या जागी राहिलं. तिनं फोन उचलला, मुलाला लावला, तो लागेना. पुन्हा लावला. मग सुनेकडे बघून, आवाज अजिबात न चढवता, ती म्हणाली, ‘आता गेली तर या दारात पुन्हा यायचं नाई.’

मुलगी चपला शोधत होती. घरात कुठेही काही वाजत नव्हतं. पंखासुद्धा नव्हता.

‘नाई येत,’ ती म्हणाली.

अमरावतीची बस लगेच मिळाली. मागची सीट. मूर्तिजापूर मागे पडलं. शेवटी मीच म्हटलं, माझं चुकलं, ते रेकॉर्डिंग मी द्यायला नको होतं, तू मान हलवली होतीस ती मला दिसली होती. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाली नाही, अजूनही म्हणालेली नाही.

तिनं माझ्याकडे तोंड केलं. ‘एक सांगू ताई? तुमचं गानं मले कदीच नाई आवडलं. भल्लं बेकार गाता तुमी.’

‘मग तीन तीन तास बसायचीस कशाला?’

‘मोठं होतं,’ ती म्हणाली. ‘येवढं मोठं दुसरं काईच नव्हतं.’

मग ती बोलायला लागली. दिवाळीपासूनचं सगळं, एकेक दिवस, बडनेरा येईपर्यंत. बस खडखडत होती, पुढे कुणाचं तरी बाळ रडत होतं, कंडक्टर ओरडत होता. मला तिचा शब्दन् शब्द ऐकू आला.